पासवर्ड नको, पण कुलूप हवं: सांगलीत सार्वजनिक वाय-फाय सुरू करणाऱ्यांसाठी

विश्रामबागेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. दाराशी चपलांची रांग, भिंतीवर 'शांतता राखा', आणि त्याच्या शेजारी स्केचपेननं लिहिलेला एक कागद: वाय-फायचं नाव आणि खाली पासवर्ड. बहुतेकदा अभ्यासिकेचंच नाव आणि पुढं एक-दोन-तीन. स्पर्धा परीक्षेची एक बॅच जाते, दुसरी येते, कागद पिवळा पडतो, पासवर्ड तोच राहतो. चहाच्या हॉटेलात, मंगल कार्यालयात, दवाखान्याच्या बाकांवर सगळीकडं हेच चित्र. पासवर्ड आहे म्हणजे आपलं वाय-फाय सुरक्षित आहे, असं चालकाला मनापासून वाटत असतं.

ते तसं नाही. हे समजावून सांगण्यासाठी आणि त्यावरचा उपाय पायरीपायरीनं दाखवण्यासाठी हा लेख. तुम्ही अभ्यासिका, वाचनालय, खानावळ किंवा दुकान चालवत असाल आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये एकदोनदा गेला असाल, तर एवढी ओळख पुरेशी आहे.

भिंतीवरचा पासवर्ड काय राखतो?

आज बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपीए२ नावाची पद्धत चालते. तिच्यात सगळ्यांचा पासवर्ड एक. प्रत्येक फोनची वेगळी किल्ली, म्हणजे संभाषण झाकण्याचा गुप्त आकडा, तयार होते खरी, पण ती त्याच पासवर्डमधून आणि फोन जोडला जाताना हवेत उघडपणे फिरणाऱ्या काही आकड्यांमधून. म्हणजे ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्यानं तुमचा फोन जोडला जातानाचा क्षण टिपला, त्याला तुमची किल्ली बनवता येते. त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात. थोडक्यात, भिंतीवरचा पासवर्ड रस्त्यावरून जाणाऱ्याला अडवतो. शेजारच्या बाकावर बसलेल्याला नाही. आणि धोका असलाच तर तो शेजारच्या बाकावरूनच जास्त.

पासवर्डच नसलेलं जुन्या पद्धतीचं उघडं वाय-फाय याहून वाईट. तिथं किल्लीच नसते, सगळं हवेत मोकळं. बँकेचं ॲप, यूपीआय, व्हॉट्सॲप यांचं स्वतःचं कूटबद्धीकरण, म्हणजे मजकूर झाकण्याची सोय, असते, त्यामुळं तिथले आकडे सहसा कोणाच्या हाती लागत नाहीत. पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, कोणतं ॲप किती वेळ वापरलंत, हे उघड्या हवेत बरंच कळतं. एखादी मुलगी कोणत्या आजाराची माहिती शोधते आहे, हे शेजाऱ्याला कळण्याचं काहीच कारण नाही.

तिसरा रस्ता २०१७ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात आरएफसी ८११० हे तांत्रिक मानक प्रसिद्ध झालं. त्यातल्या पद्धतीचं नाव 'ऑपर्च्युनिस्टिक वायरलेस एन्क्रिप्शन', म्हणजे ओडब्ल्यूई. वाय-फाय यंत्रांना प्रमाणपत्र देणाऱ्या वाय-फाय अलायन्स या संस्थेनं २०१८ मध्ये तिचं प्रमाणपत्र सुरू केलं आणि तिला सोपं नाव दिलं: 'एन्हान्स्ड ओपन'. यात पासवर्ड विचारला जात नाही. फोन जोडला जाताना फोन आणि राऊटर आपापला एक गुप्त आकडा मनात धरतात, त्यावरून काढलेला दुसरा आकडा उघडपणे एकमेकांना देतात, आणि दोघेही स्वतंत्रपणे एकाच किल्लीपर्यंत पोचतात. मधल्यानं दोन्ही उघडे आकडे ऐकले तरी त्याला ती किल्ली काढता येत नाही. यामागचं गणित डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेलं आहे. प्रत्येक पाहुण्याला त्याची स्वतःची किल्ली मिळते, आणि त्याला काहीच टाइप करावं लागत नाही.

आधी कायद्याची बाजू

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण राऊटर विकत घेण्याआधी वाचा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी एक धमकीचा ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठवला गेला आणि पोलीस आधी त्या घरी पोचले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या आणि सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याच्या सूचना काढल्या.

इथं एक घोळ होतो. कुलूप आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओडब्ल्यूई कुलूप लावतं. आत कोण आलं हे ते विचारत नाही. ओळखीसाठी जोडल्यावर उघडणारं पान आणि मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. दोन्ही बसवा. एक आहे म्हणून दुसरं सोडू नका.

रीतसर मार्ग हवा असेल तर पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. कल्पना जुन्या पिवळ्या पीसीओची आहे: दुकानदार 'पब्लिक डेटा ऑफिस' होतो आणि त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. त्याच्या मागं एक ॲग्रिगेटर, म्हणजे अशा अनेक दुकानांचं काम एकत्र सांभाळणारी कंपनी, असतो, त्याची नोंदणी दूरसंचार विभागाकडं असते, आणि ग्राहकाची ओळख ॲपमधून पटते. केंद्रीय नोंदवही सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सांभाळते. पूर्वी अडचण अशी होती की दुकानदाराकडं महागडी लीज्ड लाइन, म्हणजे खास भाड्यानं घेतलेली जोडणी, मागितली जायची. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं दर बांधून दिले: २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी अशा दुकानदाराला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दरानं देता येत नाही. ॲग्रिगेटर निवडताना दराच्या आधी एक प्रश्न विचारा: तुमच्या यंत्रावर एन्हान्स्ड ओपन चालतं का? समोरचा गोंधळला तर ते चालवून दाखवायला सांगा.

यंत्र निवडताना

इंटरनेट कंपनी फायबरसोबत जो डबा बसवून जाते, त्यात ओडब्ल्यूई बहुधा नसतं. त्यामुळं पाहुण्यांसाठी वेगळा राऊटर किंवा ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पसरवणारा डबा) घ्यायची तयारी ठेवा. खोक्यावर 'डब्ल्यूपीए३', म्हणजे डब्ल्यूपीए२ नंतरची पासवर्डची पद्धत, लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. डब्ल्यूपीए३ आणि एन्हान्स्ड ओपन ही वेगळी प्रमाणपत्रं आहेत आणि एक असलं की दुसरं असतंच असं नाही. माहितीपत्रकात 'एन्हान्स्ड ओपन' किंवा 'ओडब्ल्यूई' हे शब्द शोधा. आरुबासारख्या कंपन्यांच्या व्यावसायिक यंत्रांमध्ये ते असतं. कमी खर्चात करायचं तर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणारा राऊटर घ्या. विकत घेण्याआधी त्या प्रणालीच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का आणि त्याची नेमकी आवृत्ती कोणती, हे जुळवून पाहा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी निघते.

डबा कुठं बसवायचा, हा सांगलीत वेगळा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपलीकडं गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रोड या बाजूला असाल तर राऊटर, फायबरचा डबा आणि बॅटरी पहिल्या मजल्यावर ठेवा. बहुतेक छोटे राऊटर १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळं त्यांना मिनी यूपीएस पुरतो. मात्र फायबरच्या डब्यालाही तो जोडा. राऊटर चालू आणि फायबरचा डबा बंद, अशी अवस्था मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

पाहुण्यांची वाट वेगळी करा

इथं मी सावकाश जाणार आहे, कारण माझी स्वतःची चूक इथंच झाली.

पन्नासेक बाकांच्या एका अभ्यासिकेत मी पहिल्यांदा हे बसवलं. कंपनीच्या डब्यावर कार्यालयाचा संगणक, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जोडलेला होता. त्याच डब्याच्या एका पोर्टमध्ये मी पाहुण्यांचा नवा राऊटर लावला, ओडब्ल्यूई सुरू केलं आणि समाधानानं घरी गेलो. दोन दिवसांनी एका विद्यार्थ्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तुमच्या कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान माझ्या मोबाईलवर उघडतंय." पोरगं सरळ होतं म्हणून त्यानं सांगितलं.

कारण साधं होतं. पाहुण्यांच्या राऊटरच्या दृष्टीनं कंपनीचा डबा आणि त्याला जोडलेलं सगळं हे 'बाहेर', म्हणजे इंटरनेटच्या बाजूला. आणि बाहेर जायला तर त्यानं सगळ्यांना मोकळीकच दिलेली. इंटरनेटकडं जाणारी वाट कार्यालयातून जात होती.

उपाय दोन आहेत. पहिला, क्रम बदलणं: कंपनीच्या डब्याला फक्त दोन राऊटर जोडायचे, एक पाहुण्यांचा आणि एक कार्यालयाचा, आणि संगणक, प्रिंटर, कॅमेरे सगळे कार्यालयाच्या राऊटरच्या मागं न्यायचे. दुसरा, पाहुण्यांच्या राऊटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला कुठं जाऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या नियमांत, खाजगी पत्त्यांकडं (इमारतीच्या आतल्या यंत्रांना दिलेल्या आकडी पत्त्यांकडं) जाणारी वाट बंद करणं. हे पत्ते तीन गटांत येतात: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. तिन्ही नाकारा. मी आता दोन्ही उपाय करतो, कारण उद्या कोणी इलेक्ट्रिशियन येऊन वायर भलत्याच पोर्टात लावतो आणि पहिला उपाय गळून पडतो.

ओपनडब्ल्यूआरटीत हे असं करा. 'गेस्ट' नावाचं वेगळं इंटरफेस बनवा आणि त्याला वेगळी पत्त्यांची मालिका द्या. त्याच्यासाठी फायरवॉलमध्ये वेगळा झोन, म्हणजे नियमांचा गट, करा. त्या झोनचं इनपुट 'रिजेक्ट', फॉरवर्ड 'रिजेक्ट', आणि पुढं जाण्याची परवानगी फक्त 'वॅन'कडं, म्हणजे इंटरनेटच्या बाजूकडं. एवढं केलं की पाहुण्यांना राऊटरच्या सेटिंगचं पान उघडत नाही. पण त्यांना पत्ता आणि साइटची नावंही मिळेनाशी होतात. म्हणून दोन अपवाद लिहा: फोनला पत्ता देणाऱ्या डीएचसीपीसाठी यूडीपी पोर्ट ६७ आणि साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएससाठी पोर्ट ५३. नवखे इथं अडकतात. फोन 'पत्ता मिळवत आहे' म्हणत फिरत राहतो आणि आपण वाय-फायला दोष देतो.

आता कुलूप

वायरलेसच्या पानावर गेस्टसाठी नवं नाव बनवा. एन्क्रिप्शनच्या यादीतून 'ओडब्ल्यूई' निवडा. पासवर्डची चौकट नाहीशी होईल. ते बरोबर आहे. फोन आणि राऊटर यांच्यातल्या जोडणी-तोडणीच्या संदेशांचं संरक्षण, म्हणजे पीएमएफ, ओडब्ल्यूईत सक्तीचं असतं. त्याचा फायदा असा की खोटे संदेश पाठवून लोकांना वाय-फायवरून हाकलण्याचा जुना खोडसाळपणा इथं सहजी चालत नाही.

त्याच पानावर पुढच्या टॅबमध्ये 'आयसोलेट क्लायंट्स' अशी चौकट आहे. तिच्यावर खूण करा. यानं एका पाहुण्याच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनशी थेट बोलता येत नाही. दोन-तीन ॲक्सेस पॉइंट असतील तर एवढ्यानं भागत नाही, कारण एका पॉइंटवरचा फोन स्विचमधून (सगळ्या वायरी जोडणाऱ्या डब्यातून) दुसऱ्या पॉइंटवरच्या फोनपर्यंत पोचू शकतो. तिथं स्विचमध्येही पोर्ट वेगळे करावे लागतात.

जुन्या फोनचं काय? अँड्रॉइड १० पासून ओडब्ल्यूईची सोय आहे, विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून आहे, नव्या आयफोनमध्येही आहे. पण आपल्याकडं थोरल्या भावाचा जुना फोन धाकटा वापरतो. अशा फोनला तुमचं वाय-फाय दिसणार नाही किंवा जोडलं जाणार नाही. यासाठी 'ट्रान्झिशन मोड' आहे. त्यात दोन नावं एकत्र चालतात: एक उघडं, सगळ्यांना दिसणारं, दुसरं ओडब्ल्यूईचं, लपलेलं. उघड्या नावाच्या संदेशातच लपलेल्याचा पत्ता असतो. नवा फोन तो वाचतो आणि आपोआप कुलूपवाल्या बाजूला जातो. जुना फोन उघड्यावर राहतो. आरुबात ही जोडी आपोआप बनते. ओपनडब्ल्यूआरटीत दोन्ही नावं एकमेकांकडं बोट दाखवतील अशा नोंदी वायरलेसच्या फाइलमध्ये हातानं लिहाव्या लागतात, आणि दोन्ही नावं त्याच गेस्ट इंटरफेसला जोडायला विसरू नका.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने ट्रान्झिशन मोड ठेवा. राऊटरच्या यादीत उघड्या बाजूला किती फोन उरतात हे अधूनमधून बघा, आणि ते बोटांवर मोजण्याइतके झाले की उघडं नाव बंद करा. तोवर जुन्या फोनवाल्यांना खोट्या भरवशावर ठेवू नका. ते उघड्यावर आहेत हे फलकावर लिहा.

हे कुलूप काय करत नाही, तेही ठेवणाऱ्याला माहीत हवं. ओडब्ल्यूई संभाषण झाकतं, पण समोरचा राऊटर तुमचाच आहे याची खात्री देत नाही. कोणी शेजारच्या टपरीत बसून त्याच नावाचं खोटं वाय-फाय सुरू केलं तर फोन त्यालाही जोडला जाईल. यावरचा पक्का उपाय म्हणजे पासपॉइंट. त्यात फोनमध्ये एकदाच एक प्रोफाइल बसवतात, आणि पुढं प्रत्येक वेळी फोन नेटवर्कचं प्रमाणपत्र तपासूनच जोडला जातो. ओपनरोमिंग ही त्यावरच उभी असलेली जागतिक व्यवस्था आहे. सिस्को या नेटवर्क कंपनीनं ती २०२० मध्ये वायरलेस ब्रॉडबँड अलायन्स या उद्योगसंघटनेकडं सोपवली. पण पासपॉइंटला ओळख तपासणारा सर्व्हर लागतो आणि त्याची देखभाल लागते. पन्नास बाकांच्या अभ्यासिकेनं सुरुवात तिथून करू नये. महाविद्यालय किंवा मोठं रुग्णालय असेल तर जरूर करावी.

पत्ते संपतात तेव्हा

'वाय-फाय जोडलं जातं पण नेट येत नाही' ही तक्रार आली की बहुतेक जण इंटरनेट कंपनीला फोन लावतात. आधी पत्ते मोजा. ओपनडब्ल्यूआरटी मुळात १५० पत्ते ठेवतं आणि प्रत्येक पत्ता १२ तास राखून ठेवतं. अभ्यासिकेला हे चालेल. पण एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात दहा मिनिटं चहा पिऊन मिरजेच्या गाडीत बसलेल्या माणसाचा पत्ता रात्रीपर्यंत अडून राहतो, आणि दुपारपर्यंत सगळे संपतात. अशा ठिकाणी मुदत अर्ध्या तासावर आणा, मालिका /२२ करा (म्हणजे मोठी करा) आणि १५० ची मर्यादाही वाढवा. राऊटरचा धरून १,०२२ पत्ते मिळतात.

वेगाची वाटणीही लगेच करा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर चाळीस जण असले तर एकाला अडीच येतात, आणि एकानं मोठा व्हिडिओ उतरवायला घेतला की बाकीचे ताटकळतात. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम नावाचं, वेग सगळ्यांत वाटून देणारं पॅकेज बसवा आणि त्यात 'केक' ही वाटणीची पद्धत निवडा. जोडणीच्या मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा तिथं भरा, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही.

डीएनएससाठी क्वाड९ या मोफत सेवेचा ९.९.९.९ हा पत्ता दिला तर फसवणुकीच्या बऱ्याच ज्ञात साइट उघडतच नाहीत. ओटीपीच्या नावाखाली फसणाऱ्यांची संख्या बघता हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

वेळापत्रक लावायचं का, हे तुम्ही ठरवा. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बाजूला ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. तशी शिस्त तुमच्या वाचनालयात आणायची असेल तर राऊटरमध्ये वेळ लावून गेस्टचं नाव तेवढा वेळ बंद ठेवता येतं.

नोंदी आणि विश्वास

ओटीपीच्या पानावर फक्त मोबाईल नंबर घ्या. नाव, जन्मतारीख, आधार मागू नका. तुम्हाला त्याची गरज नाही आणि ते सांभाळायची तुमची तयारीही नसते. नोंद एवढीच ठेवा: कोणत्या नंबरला कोणता पत्ता कधीपासून कधीपर्यंत दिला. कोण कोणत्या साइटवर गेलं, हे लिहून ठेवू नका. राऊटरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावा आणि ते आपोआप जुळतं का हे बघा, कारण वेळ चुकलेली नोंद चौकशीच्या वेळी निरपराध माणसाकडं बोट दाखवू शकते. आणि ते नंबर तुमच्या दिवाळी ऑफरच्या व्हॉट्सॲप यादीत टाकू नका. माणसानं ते वाय-फायसाठी दिलेत.

राऊटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला, कंपनीच्या डब्याचाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिननं जोडण्याची सोय, बंद. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद. दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली का बघा.

तपासून बघा

सगळं झालं की दोन फोन घ्या, शक्यतो एक नवा आणि एक जुना. नव्या अँड्रॉइडवर जोडलेल्या वाय-फायचा तपशील उघडा. सुरक्षेपुढं 'एन्हान्स्ड ओपन' दिसलं पाहिजे. 'नन' (None), म्हणजे काहीच नाही, असं दिसलं तर तो उघड्या बाजूला अडकलाय, आणि दोष बहुधा ट्रान्झिशनच्या नोंदीत आहे. मग ब्राउझरमध्ये कंपनीच्या डब्याचा पत्ता टाका, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. पान उघडता कामा नये. कॅमेऱ्याचा आणि प्रिंटरचा पत्ता टाकून तसंच करा. शेवटी नेटवर्कवरची यंत्रं शोधणारं एखादं ॲप चालवा. त्यात तुमचा स्वतःचा फोन आणि राऊटर, एवढंच दिसावं. दुसरा फोन दिसला तर आयसोलेशनची खूण राहून गेली आहे.

मग भिंतीवरचा जुना कागद काढा आणि नवा लावा. माझ्याकडं असा आहे, हवा तर जसाच्या तसा घ्या:

'इथल्या वाय-फायला पासवर्ड नाही. ओळखीसाठी मोबाईलवर ओटीपी येईल. नव्या फोनवर तुमचं संभाषण कुलूपबंद असतं. जुन्या फोनवर नसतं, त्यावर बँकेची कामं मोबाईल डेटावरून करा. याच नावाचं वाय-फाय या इमारतीबाहेर दिसलं तर जोडू नका आणि काउंटरवर सांगा.'

क्यूआर कोड चिकटवणार असाल तर तो काचेच्या आत लावा, बाहेर नको. यूपीआयच्या कोडवर दुसरा कोड चिकटवण्याचे प्रकार आपण ऐकलेत. वाय-फायच्या कोडवरही तेच करता येतं. सकाळी दार उघडताना झाडू मारतो तेव्हाच एकदा स्वतःच्या फोननं तो स्कॅन करून बघा.